कर्ता गेल्यावर लिहायची वही

या वहीत छापील म्हणावीत अशी एवढीच पानं आहेत. पुढची सगळी कोरी आहेत आणि ती भिवंडीतल्या घरांनी भरायची आहेत. ज्या घरातला कर्ता माणूस गेला आहे, किंवा थकून अंथरुणाला टेकला आहे, त्या घरानं त्याच्याविषयी लिहावं एवढाच हेतू. त्यामुळे पुढचं पुस्तक कसं झालं आहे हे मी सांगू शकत नाही. ते कसं व्हावं, आणि त्याहून अधिक म्हणजे कसं होऊ नये, याविषयी मात्र मला बरंच बोलायचं आहे.

कसं होऊ नये, हे आधी. आपल्याकडे माणूस गेला की तिसऱ्या दिवसाच्या आत नाक्यावर फ्लेक्स लागतो. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मध्ये लग्नातल्या फोटोतून कापून घेतलेला चेहरा, खाली ‘शोकाकुल’ म्हणून पंचवीस नावं, त्यातली निम्मी येत्या निवडणुकीतल्या इच्छुकांची. वर्षश्राद्धाला एखादी स्मरणिका निघते. तिच्यात गेलेला माणूस शिस्तप्रिय पण प्रेमळ असतो, कष्टाळू असतो, निर्व्यसनी असतो आणि शेवटी तो आधारवड असतो. अशा अनेक स्मरणिका मी वाचल्या आहेत. त्यांची मुखपृष्ठं अदलाबदल केली तर घरच्यांनाही पत्ता लागणार नाही. आणि वडाचंच म्हणायचं, तर त्याच्या गर्द सावलीत दुसरं झाड सहसा धड वाढत नाही, हे खेड्यातला कोणीही सांगेल. स्मरणिका काढणाऱ्यांना तेवढं आठवत नाही.

प्रेम असलं की खोटं लिहावंच लागतं, असा एक समज आपल्यात पक्का बसलेला आहे. ही वही त्या समजाविरुद्ध आहे.

भिवंडी हे गाव कर्त्या पुरुषांच्या नावांनी भरलेलं आहे. रिक्षावाल्याला ‘धामणकर नाका’ म्हटलं की तो मीटरचं नाव न काढता भाडं सांगतो. धामणकर कोण होते हे विचारलंत तर तो तुमच्याकडे बघत राहील. परशुराम टावरे यांच्या नावाच्या मैदानावर खेळणाऱ्या पोरांचं तेच, समदिया हायस्कुलातून दहावी झालेल्या अनेकांचं तेच. बी.एन.एन. कॉलेज चालवणाऱ्या मंडळाच्या नावातच पद्मश्री अण्णासाहेब जाधव आहेत, पण फॉर्म भरणारी मुलं ते नाव आद्याक्षरांत उरकतात. दांडेकर हे आडनाव भातगिरणीच्या यंत्रांवरून भिवंडीच्या कितीतरी बाहेर पोचलं. गावात मात्र ते दांडेकरवाडी या पत्त्यापुरतं उरत चाललं आहे. या मोठ्यांची ही गत, तर ज्यांच्या नावे नाका नाही, शाळा नाही, फार तर एखाद्या कंपाउंडच्या गंजक्या फाटकावर आडनाव आहे, त्यांच्याविषयी नातवांना काय माहीत असणार? पाटी लागली की माणूस अमर होतो असं आपल्याला वाटतं. अनुभव उलटा आहे. पाटी लागल्यावर लोक विचारायचं थांबतात.

या गावचा कर्ता माणूस एका जातीचा किंवा एका भाषेचा नाही, हे लिहिणाऱ्यानं सुरुवातीलाच ध्यानात ठेवावं. खाडीकाठच्या आगरी आणि कोळी घरांत तो ‘बाबा’ किंवा ‘नाना’ असतो, मोमिन-अन्सारी मोहल्ल्यात ‘दादा’ किंवा ‘अब्बा’, पद्मानगरातल्या पद्मशाली घरात ‘ताता’. कोकणी मुसलमानांची घरं इथली जुनी. मोमिन विणकरांचे पूर्वज १८५७ नंतरच्या धामधुमीत उत्तर प्रदेशाकडून हातमागाची विद्या घेऊन आले. तेलुगू विणकर मागाच्याच ओढीनं तेलंगणाकडून आले. गुजराती-मारवाडी व्यापारी सुताच्या आणि कापडाच्या पाठोपाठ आले. म्हणजे भिवंडीतला आजोबा एक तर कुठून तरी येऊन उभा राहिलेला असतो, नाही तर जागच्या जागी राहून भोवतालचं सगळं उलथंपालथं होताना पाहिलेला असतो. दोन्ही गोष्टी लिहिण्यासारख्या आहेत. पण ‘आमचे आजोबा फार कष्टाळू होते’ या एका वाक्यात दोन्ही बुडतात.

कष्ट म्हणजे काय, ते मागाच्या भाषेत लिहा. दुसऱ्याच्या खात्यावर, म्हणजे मागांच्या कारखान्यात, बाराबारा तास माग चालवणाऱ्या माणसानं स्वतःचे दोन जुने माग कधी घेतले? पैसे कोणाकडून उचलले? सूत व्यापाऱ्याचं, माग आपला, आणि मीटरमागे मजुरी, या हिशोबात दोनाचे चार माग व्हायला किती वर्षं गेली? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. तो मोडून निघत असताना कापड विणायचं काम मोठ्या प्रमाणावर इकडे यंत्रमागांवर आलं. गिरणगावातल्या कितीतरी घरांची चूल त्या संपानं विझवली आणि भिवंडीतल्या कितीतरी घरांवर त्याच वर्षांत मजला चढला. तुमच्या घराचा मजला कोणत्या साली चढला, ते घरपट्टीच्या कागदावर सापडेल. आजोबांच्या कर्तबगारीत काळानं किती हात दिला, हे त्यावरून कळेल, आणि ते लिहिल्यानं आजोबा काही लहान होणार नाहीत.

मग उतार. २००७ साली वीजवितरण खासगी कंपनीकडे गेलं, बिलांचे वाद घरोघरी झाले. चीनचं कापड आलं, सुताचे भाव वरखाली होत राहिले, नोटबंदी झाली, जीएसटी आला. गेल्या काही वर्षांत चालते माग भंगारवाल्याला किलोच्या भावानं गेलेले भिवंडीनं पाहिले आहेत. ज्या मागावर तीन मुलींची लग्नं झाली, तो वजनकाट्यावर चढताना आजोबा तिथं उभे होते की घरात बसून राहिले? माग विकायला त्यांनी परवानगी दिली, की मुलांनी ते दवाखान्यात असताना उरकून घेतलं? घरात हे सगळ्यांना माहीत असतं. लिहायची वेळ आली की कोणालाच आठवत नाही.

आणखी एक. हातमागाच्या दिवसांत घरातला पुरुष माग चालवत असे, आणि त्याला लागणाऱ्या कांड्या बायका आणि पोरं भरून देत. चरख्यावर बसलेल्या आजीचे हात थांबले की माग थांबे. तरीही घराण्याच्या गोष्टीत ‘आजोबांनी माग उभे केले’ असंच वाक्य येतं. पुढे यंत्रमाग आले, परमुलखातले एकटे कामगार आले. त्यांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या बिसी गल्लोगल्ली निघाल्या. कितीतरी घरांत आजोबांचा धंदा बसला तेव्हा आजीच्या बिसीवर घर चाललं. ही ओळ स्मरणिकेत मला एकदाही वाचायला मिळालेली नाही.

शहराबाहेरच्या गावांत गोष्ट जमिनीची आहे. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली ही एकेकाळी भाताची गावं. मुंबईत माल शिरला की जकात, म्हणून माल मुंबईच्या हद्दीबाहेर उतरवायचा. त्यासाठी आग्रा रोडला लागून असलेल्या या गावांत गोदामं उठली. १ जुलै २०१७ ला जीएसटी येऊन जकात गेली, पण तोवर इथे साठवणुकीचा एवढा मोठा पसारा झाला होता की ऑनलाइन खरेदीवाल्या कंपन्यांना तो आयताच मिळाला. आज देशभर जाणारं पार्सल जिथून निघतं, तिथे कोणाच्या तरी आजोबांनी चिखलात उभं राहून आवण लावलेला आहे. त्यांनी जमीन विकली की भाड्यानं दिली, विकली तर कोणाच्या सल्ल्यानं, आणि आलेल्या पैशाचं काय झालं, बंगला, गाडी, हळदीचा मांडव की मुलांचं शिक्षण, हाच त्यांच्या वारशाचा खरा जमाखर्च.

या जमाखर्चात एक रकाना बहुतेक जण मोकळा सोडतात: बहिणींचा. महाराष्ट्रानं १९९४ सालीच कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला. २००५ साली केंद्रानं तो देशभर केला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तो हक्क जन्मानं आहे, २००५ चा बदल लागू झाला त्या दिवशी बाप हयात होता की नव्हता याच्याशी त्याचा संबंध नाही. मुसलमान घरांत शरियतनं मुलीचा हिस्सा फार पूर्वीच ठरवून दिला आहे, मुलाच्या निम्मा; तो कागदावर राहिला की हातात पडला, हे त्या घरालाच ठाऊक. आपल्या घरात आत्यांनी हक्कसोडपत्रावर सही कधी केली, रजिस्ट्रारच्या कचेरीत त्यांना कोण घेऊन गेलं, त्या बदल्यात साडी मिळाली की आणखी काही? आजोबांनी मरण्यापूर्वी स्वतःहून मुलींना वाटा दिला असेल, तर ठळक अक्षरात लिहा, कारण तसे आजोबा थोडे. दिला नसेल तर तेही लिहा. न्यायप्रिय हे विशेषण वापरायच्या आधी गाव नमुना सात-बाराचा उतारा एकदा उघडून पाहावा, असा माझा आग्रह आहे.

यापेक्षा अवघड पान पुढे आहे. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडी पेटली. त्या दंगलीची झळ जळगाव आणि महाडपर्यंत गेली. न्यायमूर्ती मदन यांच्या आयोगानं तिन्ही ठिकाणांची चौकशी केली. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा तेच, आणि जास्तच. भिवंडीत त्या वेळी हयात असलेला प्रत्येक कर्ता माणूस त्या दिवसांत कुठे तरी होता. कोणी शेजाऱ्याला घरात घेतलं, कोणी दार लावून घेतलं, कोणी जमावात होता, कोणाचे माग जळाले, कोणी नंतर जळालेल्या मागांच्या मालकाला सूत उधार दिलं. घराण्याच्या आठवणीत फक्त पहिला प्रकार सापडतो. प्रत्येक घरानं कोणाला तरी वाचवलंच होतं असं धरलं, तर मग मारलं कोणी, हा प्रश्न उरतो. मी कोणाला कबुलीजबाब मागत नाही. ज्यांना लिहवत नसेल त्यांनी पान कोरं ठेवावं, पण खोटं भरू नये. याच गावात १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या, आणि १९९२ च्या डिसेंबरात मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांच्या बैठकीत रात्री उशिरापर्यंत सतरंजीवर बसणारे लोक कोणाचे तरी वडील, कोणाचे तरी आजोबा होते. त्यांच्या नावांचे नाके झालेले नाहीत. तुमच्या घरातलं कोणी त्यात असेल तर या वहीतलं सगळ्यात मोठं पान त्याला द्या.

असं लिहिता येतं का, घरच्या माणसाविषयी? मराठीत आलेलं आहे, आणि फार चांगलं आलेलं आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली गेले. मुलगा देवदत्त यांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. लक्ष्मीबाईंचं शालेय शिक्षण नव्हतं. त्यांनी लिहायला घेतलं आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागानं पुस्तकरूपात आली. त्यातले टिळक कवी आहेत, मोठ्या मनाचे आहेत आणि त्याचबरोबर तापट, लहरी, घरात पैसा टिकू न देणारे, न सांगता निघून जाणारे असे आहेत. १८९५ साली त्यांनी धर्म बदलला तेव्हा बायकोवर काय कोसळलं, हे तिनं रडून नाही, पुष्कळदा हसून सांगितलं आहे. आज टिळकांच्या कविता किती जण वाचतात ते राहू द्या. टिळक हा माणूस आपल्याला माहीत आहे तो बायकोच्या या पुस्तकामुळे. गौरवग्रंथ काढला असता तर तो केव्हाच रद्दीत गेला असता.

दुसरं घर कर्व्यांचं. महर्षी धोंडो केशव कर्वे शंभरी ओलांडून १९६२ साली गेले, भारतरत्न होऊन. एवढ्या मोठ्या माणसाविषयी घरच्यांनी काय लिहावं? पत्नी आनंदीबाईंनी, म्हणजे बायांनी, ‘माझे पुराण’ लिहिलं. कर्व्यांनी आपली आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा विधवांच्या आश्रमाला देऊन टाकली होती. अशा माणसाबरोबर संसार करताना पुढच्या महिन्याचं काय, हे कोणाला बघावं लागलं असेल ते सांगायला नको. सून इरावतीबाईंनीही सासऱ्यांवर लेख लिहिला. तो १९६३ साली मराठी घराण्यांवरच्या एका इंग्रजी पुस्तकात आला. सासऱ्यांचं मोठेपण त्या मान्य करतात, त्यांच्या घरात आल्याचा आनंदही लपवत नाहीत, पण त्या मोठेपणाची किंमत त्यांच्या बायकोनं आणि मुलांनी मोजली, हेही तितक्याच शांतपणे सांगतात. सुनेनं लिहिलेलं सासऱ्याचं चित्र मला नेहमी जास्त भरवशाचं वाटतं. मुलगा भक्त तरी असतो नाही तर वैरी तरी. सून बाहेरून आलेली असते आणि तिनं त्या माणसाला रोज जेवताना पाहिलेलं असतं.

आणि तिसरं घर, भिवंडीतल्या वाचकाला सगळ्यांत जवळचं वाटावं असं. दामोदर जाधव नाशिकजवळच्या ओझरचे, येसकरकीच्या, म्हणजे गावानं लादलेल्या चाकरीच्या, वेठीला कंटाळून गाव सोडून मुंबईला आलेले, रेल्वेत आणि पोर्ट ट्रस्टमध्ये राबलेले. निवृत्तीनंतर घरातल्या वस्तू खोलून दुरुस्त करत बसणाऱ्या या माणसाला मुलांनी वही-पेन दिलं आणि आयुष्य लिहून काढा म्हणून सांगितलं. त्यांनी लिहिलं. तोवर धाकटा मुलगा नरेंद्र अर्थशास्त्रज्ञ झाला होता. वडिलांचं ते लेखन आधाराला घेऊन त्यानं ‘आमचा बाप आन् आम्ही’ केलं, ते १९९३ साली निघालं. बापानं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं म्हणून ते पुस्तक उभं राहिलं. भिवंडीत आज माग सोडून घरी बसलेले, हाताला चाळा नाही म्हणून पंखे खोलणारे कितीतरी आजोबा आहेत. त्यांच्या हातात वही गेलेली नाही, रिमोट गेलेला आहे.

कागदपत्रांविषयी थोडं, कारण आठवण एकटी पुरत नाही. तलाठ्याकडे फेरफार असतात. जमीन कधी कोणाच्या नावे आणि का चढली हे त्यात एकेका परिच्छेदात सांगितलेलं असतं. प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात आजोबांची जन्मतारीख सापडेल, बहुधा १ जून. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या बाडांत कोण कधी कोणाच्या अस्थी घेऊन आलं त्याच्या नोंदी असतात. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. कितीतरी जणांना पणजोबांचं पुरं नाव त्या धांदलीत पहिल्यांदा कळलं. दाखल्यासाठी का होईना, कळलं. त्या झेरॉक्स टाकून देऊ नका. मागाच्या जुन्या वीजबिलांचा, व्यापाऱ्याच्या वहीखात्याचा, मशिदीच्या किंवा देवळाच्या वर्गणीच्या पावत्यांचा गठ्ठा असेल तर तोही. आजोबांनी उधार कोणाला दिलं आणि परत मागितलं नाही, हे त्यांच्या स्वभावाविषयी कोणत्याही लेखापेक्षा जास्त सांगतं.

ज्या भाषेत आजोबा रागवायचे, त्या भाषेत लिहा. आगरी बोलीतलं वाक्य पुण्याचं करू नका. उर्दूत लिहिणाऱ्यांनी उर्दूत लिहावं, पद्मानगरातल्यांनी तेलुगूत. वही गावाची आहे.

आणि शेवटी काही घरगुती सूचना. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपासून सुरुवात करा, आजोबांच्या लाडक्या मुलापासून नको. ती बोलताना मध्ये मध्ये दुरुस्त करू नका. दोन माणसं दोन गोष्टी सांगत असतील तर दोन्ही लिहून ठेवा. आजोबांच्या खात्यावर वीस वर्षं माग चालवणारा कोणी अजून जवळपास असेल तर त्यालाही बोलवा, आणि तो बोलत असताना घरच्या मालकांनी खोलीबाहेर थांबावं. वर्षश्राद्धाची किंवा बरसीची वाट पाहू नका, त्या दिवशी स्वयंपाकातच वेळ जातो. प्रत्येक पानाखाली लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख हवी. वही पुरी झाली की तिच्या झेरॉक्स काढा आणि घरातल्या प्रत्येक मुलीला एकेक प्रत नेऊन द्या; मुलांकडे मूळ वही आपोआप राहतेच.